परवाना कोणाला, मर्जी कोणाची?



डिसेंबर १९४८ च्या सुरुवातीला संविधान सभेत नागरिकांच्या मूलभूत स्वातंत्र्यांवर चर्चा चालू होती. आजचा १९ वा अनुच्छेद तेव्हा मसुद्यात १३ वा होता. हरी विष्णू कामत बोलायला उभे राहिले. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेला हा माणूस. त्यांची दुरुस्ती लहानशी होती. भाषणाचे, संघटनेचे, देशभर फिरण्याचे स्वातंत्र्य देता आहात, त्याच यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घाला, एवढेच ते म्हणत होते. गांधीजींना पिस्तुलाच्या गोळ्या घातल्या गेल्या त्याला वर्षही झाले नव्हते. ते पिस्तूल ग्वाल्हेरातून मिळवलेले होते. अशा वेळी ही मागणी करायला धाडस लागत होते.

पण ती मागणी विक्षिप्त नव्हती. १९२८ च्या नेहरू अहवालात हा हक्क होता. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेला होता. म्हणजे सत्तेत येण्याआधी काँग्रेसने दोनदा लिहून दिलेली गोष्ट कामत मागत होते.

डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचा मुद्दा वकिली होता आणि बिनतोड होता. हा मूलभूत हक्क केलात, तर चोराला, खिसेकापूला, सराईत गुन्हेगाराला तो कोणत्या आधारावर नाकारणार? मूलभूत हक्क सगळ्यांचा असतो. शिवाय आधुनिक राज्यात प्रश्न शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा आहे, असेही त्यांनी सांगितले. दुरुस्ती पडली. आज संविधानाच्या मूलभूत हक्कांत शस्त्रांचा उल्लेख येतो तो शांततेने व ‘विनाशस्त्र’ जमण्याच्या हक्कात, आणि शिखांच्या कृपाणापुरता २५ व्या अनुच्छेदात.

ही दुरुस्ती पडली हे चांगले झाले, असे माझे मत आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत तुम्हाला तिष्ठत बसायला नको. बंदुकीवर कडक कायदा असावा, आजच्याहून कडक असावा. पण दुरुस्ती पाडताना एक जबाबदारी आपण अंगावर घेतली होती. बंदूक हक्क नसेल, तर ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे कोणीतरी ठरवणार. ते कोण ठरवते, कशाच्या आधारे ठरवते आणि त्याला जाब कोण विचारते, इकडे गेल्या पाऊणशे वर्षांत आपण फारसे पाहिलेलेच नाही. कडक कायद्याच्या विरोधात जी बाजू मांडली जाते तिच्यातला खरा दम मला इथे दिसतो. बाकीचे मुद्दे एवढे वजनदार नाहीत. तेही पाहू.

आधी थोडे मागे जाऊ, कारण आपला कायदा मुळात कशासाठी जन्मला हे समजल्याखेरीज त्याच्या आजच्या सवयी समजत नाहीत.

१८७८ साल व्हाइसरॉय लिटनचे. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा त्या वर्षीच्या मार्चमधला, आणि त्याच वर्षीचा अकरावा कायदा हत्यारांचा. सत्तावन्नच्या उठावानंतर अवध आणि आसपासचा मुलूख निःशस्त्र केला गेला होताच. लिटनने ते सूत्र ब्रिटिश हिंदुस्थानभर नेले. परवान्याशिवाय हत्यार नाही. आणि त्यातून सूट कोणाला? युरोपियनांना आणि अँग्लो-इंडियनांना. कालच बोटीतून उतरलेल्या गोऱ्या दुकानदाराला बंदुकीसाठी कोणाला विचारायचे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या पदरी तलवार बाळगलेल्या इनामदाराला मात्र कलेक्टरच्या कचेरीत अर्ज घेऊन ताटकळायचे होते. चार वर्षांनी रिपनने वृत्तपत्रांचा कायदा रद्द केला. हत्यारांचा कायदा पुढे ऐंशी वर्षे टिकला.

लोकांच्या मनात राग होता तो बंदूक गेली याचा जितका, त्याहून जास्त त्यामागच्या अपमानाचा. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेसमध्ये तरुण बिपिनचंद्र पाल या कायद्यावर बोलले, ते हा भेदभाव दाखवायला. सरकारने रयतेवर अविश्वासाचा शिक्का मारला, ही खंत त्या काळच्या मवाळांनाही होती. काँग्रेसच्या ठरावांत हा विषय पुढे पुन्हा पुन्हा येत राहिला.

आणि कायद्याने साधले काय? तो झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत माणसे आणि हत्यारे जमवत होते. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदरपंत चापेकरांनी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता, तिथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला मारले. ते ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून आले होते. आता बंदूक-बंदीचे विरोधक इथे बोट ठेवतात आणि म्हणतात, पाहा, शेतकऱ्याची ठासणीची बंदूक गेली, ज्याला मारायचे होते त्याला पिस्तूल मिळालेच. वरवर हे पटते. पण ती पिस्तुले आली कशी ते पाहा. सावरकरांनी लंडनमध्ये वीस पिस्तुले जमवायची, पेटीला चोरकप्पा करायचा, माणूस बोटीने पाठवायचा, आणि हे सगळे उघडकीला आल्यावर आयुष्याची पन्नास वर्षे काळ्या पाण्यावर लिहून मिळायची. कायद्याने पिस्तूल अशक्य केले नाही, ते इतके महाग केले की ते विकत घ्यायला एक अख्खा कट लागला. रागाच्या भरात, दारूच्या नशेत, बांधावरच्या भांडणात कोणी पेटीला चोरकप्पा करत बसत नाही. कडक कायदा कोणाला अडवतो असे विचाराल, तर तो या दुसऱ्या माणसाला अडवतो. आणि जगात बहुतेक खून हा दुसरा माणूसच करतो.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेतल्या बंदूकप्रेमी मंडळींच्या फलकांवर गांधीजींचा दाखला हमखास असतो. इंग्रजी राज्याच्या कुकर्मांत राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहास सर्वांत काळा ठरवील, अशा अर्थाचे गांधीजी म्हणाले होते, हे खरे आहे. ते म्हणाले १९१८ मध्ये, खेडा जिल्ह्यात, इंग्रजांच्या सैन्यात भरती व्हा असे लोकांना सांगताना. हत्यारांचा कायदा जावा असे वाटत असेल, तर सैन्यात जा, शिस्त शिका, विश्वास मिळवा, असा तो युक्तिवाद होता. त्या पत्रकाचा उल्लेख त्यांच्या आत्मकथेतही आहे. आपल्या पलंगाखालच्या पेटीत रिव्हॉल्व्हर ठेवायला गांधीजींची संमती आहे, असे त्यातून निघते असे मानायला बरीच कल्पनाशक्ती लागते.

आता अमेरिका. आपल्यापैकी अनेकांची लेकरे-नातवंडे तिथे आहेत. शाळेत बंदूकवाला शिरला तर दार लावून दिवे मालवून कोपऱ्यात गप्प कसे बसायचे, याचा सराव ही पोरे करतात आणि सुट्टीत आजीला सांगतात. त्या देशाच्या संविधानाची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. सुव्यवस्थित नागरी सेनेचा उल्लेख करून ती शस्त्र बाळगण्याच्या हक्काला हात लावायचा नाही म्हणते. हा हक्क नागरी सेनेसाठी, की एकेकट्या माणसाच्या घरातल्या बचावासाठी? दोनशेहून अधिक वर्षांनी, २००८ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की एकेकट्या माणसासाठीही. २०२२ मध्ये तो हक्क घराबाहेरही गेला. २०१७ च्या अंदाजानुसार तिथे नागरिकांच्या हातात ३९ कोटींच्या वर बंदुका होत्या. लोकसंख्या त्याहून कमी.

तिथला बचावाचा युक्तिवाद सगळ्यांना पाठ आहे: चांगल्या माणसाच्या हातात बंदूक असली की वाईट माणूस बिचकतो. बंदूक असलेल्या घराचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे दारावरचा दरोडेखोर येतो. माझ्या डोळ्यांपुढे आकडेवारी येते. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यातली २६,३२८, म्हणजे निम्म्याहून अधिक, आत्महत्या होत्या. दरोडेखोर आला तर एखाद्या रात्री येईल, बहुधा येणारच नाही. बंदूक मात्र घरात रोज असते. नवऱ्याच्या दारूच्या रात्री असते, मुलाच्या नापास होण्याच्या दिवशी असते, म्हाताऱ्याच्या एकटेपणात असते.

इथे कोणी म्हणेल, मरायचेच असेल त्याला बंदूक नसली तरी दुसरे काही सापडते. हे विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांना तपासून पाहता येण्यासारखे विधान आहे, कारण आपल्याकडे बंदुकीची जागा कीटकनाशकाच्या डब्याने घेतली आहे. शेजारच्या श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या सर्वाधिकांपैकी होते. सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशके एकेक करून बंद केली. कर्जे होतीच, दुःखे होतीच, यादवी युद्ध चालू होते. तरी पुढच्या वीसेक वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण साधारण सत्तर टक्क्यांनी उतरले. तो झटका काही मिनिटांचा, फार तर तासांचा असतो. त्या वेळेत हाताशी जे लागते त्यावर जगणे-मरणे ठरते. बंदूक त्यात सर्वांत निर्दयी, कारण विष घेतलेल्याला निदान तालुक्याच्या दवाखान्यात नेता येते. कडक कायद्याच्या बाजूचा मला माहीत असलेला सर्वांत मजबूत पुरावा हा आहे, आणि गंमत म्हणजे सभा-संमेलनांत तो क्वचितच ऐकू येतो. तिथे सगळी चर्चा दरोडेखोराची.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण नेहमी दिले जाते, म्हणून तेही पाहू. २८ एप्रिल १९९६ ला टास्मानियातल्या पोर्ट आर्थरमध्ये एका माणसाने ३५ जणांना मारले. पंतप्रधान होते जॉन हॉवर्ड, उजव्या विचारांचे, ग्रामीण मतदारांवर उभे असलेले. दोन आठवड्यांच्या आत त्यांनी सगळ्या राज्यांना एका करारावर आणले. अर्धस्वयंचलित रायफली आणि शॉटगन बंद झाल्या, आणि स्वसंरक्षण हे बंदूक मागण्याचे पुरेसे कारण मानायचे नाही असे ठरले. साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने पैसे मोजून परत घेतल्या. त्याचा खर्च भागवायला आरोग्याच्या करात किंचित वाढ केली. हॉवर्ड एका सभेत रागावलेल्या बंदूकधारकांसमोर कोटाखाली चिलखत घालून उभे राहिले. ते चिलखत फोटोत उठून दिसत होते आणि त्याबद्दल त्यांना पुढे ओशाळल्यासारखे झाले म्हणतात. त्याआधीच्या १८ वर्षांत तिथे सामूहिक गोळीबाराच्या १३ घटना झाल्या होत्या. नंतरच्या वीस वर्षांत त्या धर्तीची एकही झाली नाही. विरोधक म्हणतात, खुनांचे प्रमाण आधीपासूनच घसरत होते, सगळे श्रेय कायद्याला देऊ नका. तेही बरोबर आहे. एकट्या कायद्याने किती आणि बदलत्या समाजाने किती, याचा वाद अभ्यासकांत मिटलेला नाही. पण आत्महत्यांचे आकडे पुन्हा त्याच दिशेला बोट दाखवतात.

जुलमी सरकारविरुद्ध जनतेकडे शस्त्र हवे, हा अमेरिकेतला आणखी एक आवडता मुद्दा. यावर मी फार वेळ घालवणार नाही. आपण एक आणीबाणी पाहिली आहे. ती मतपेटीने संपवली. गडचिरोलीच्या जंगलात ज्यांनी दुसरा मार्ग धरला, त्यांनी आदिवासींना सरकार आणि बंदूक या दोन दगडांखाली चिरडले.

आता आपल्या घरात येऊ.

१९५९ मध्ये संसदेने नवा शस्त्र कायदा केला आणि १९६२ पासून तो लागू झाला. वंशावर आधारलेली सूट गेली. वाचायला हा कायदा चांगला आहे. संपत्ती पुरेशी नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारायचा नाही, असे त्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. नाकारला तर कारण लेखी नोंदवायचे. १३ व्या कलमात पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक खऱ्या गरजेने मागणाऱ्याला ती द्यावी, असे आहे. जिल्ह्यात जिल्हाधिकारी, शहरात पोलीस आयुक्त, पोलिसांचा अहवाल, अपिलाची सोय, सगळे आहे. १९८३ नंतर एका माणसाला जास्तीत जास्त तीन हत्यारे. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. सरकारच्या मूळ विधेयकात एकच होते. खासदारांनी आक्षेप घेतले, वडिलोपार्जित हत्यारांचे काय असे विचारले, आणि एकाचे दोन झाले. सभागृहातल्या किती सन्माननीयांकडे दोन होती, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

त्याच दुरुस्तीने शिक्षा वाढवल्या. विनापरवाना हत्याराला किमान दोन वर्षे, प्रतिबंधित हत्याराला किमान सात. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यालाही तुरुंग किंवा दंड. शिक्षा वाढवणे हा सरकारला सर्वांत स्वस्त पडणारा कडकपणा आहे. याच कायद्यात एके काळी प्रतिबंधित हत्याराने माणूस मेला तर सक्तीच्या फाशीचे कलम होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. ते कलम पुस्तकात होते तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर, दिघीला आणि शेखाडीला, १९९३ च्या सुरुवातीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठी किती हत्यारे आणि स्फोटके उतरली, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यातलीच एक रायफल एका नामवंत अभिनेत्याच्या घरी पोहोचली. मुंबईच्या दंगलीत कुटुंबाच्या रक्षणासाठी ठेवली, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने शस्त्र कायद्याखाली त्याला दोषी धरले. मला त्यातला प्रामाणिकपणा मोजायचा नाही. पण त्याच दंगलीत नागपाड्यापासून जोगेश्वरीपर्यंत हजारो कुटुंबे होती. त्यांच्याही पोरांना भीती वाटत होती. भीती सगळ्यांकडे असते, रायफल ओळखीने मिळते.

बेकायदा हत्यारांचा प्रश्न आपल्याकडे परवान्याच्या हत्यारांहून कितीतरी मोठा आहे. देशात नागरिकांकडच्या एकूण बंदुका सात कोटींच्या आसपास असाव्यात आणि त्यातल्या सहा कोटींवर नोंदलेल्याच नाहीत, असा २०१७ चा एक आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश. या चौघांना मारणाऱ्यांनी कोणत्याही कचेरीत अर्ज केला नव्हता. पुण्यात-जळगावात पकडली जाणारी गावठी पिस्तुले कुठून येतात असे पोलिसांना विचारा, सातपुड्याच्या पायथ्याचे उमर्टी हे नाव पुन्हा पुन्हा ऐकू येईल. लांबची म्हणाल तर बिहारमधले मुंगेर. उमर्टीत हे काम करणारे बरेचसे शिकलगार. हत्यारे घडवणे आणि त्यांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात धंदा. लिटनच्या कायद्याने तो बेकायदा केला आणि बदल्यात दुसरा धंदा दिला नाही. छापे पडतात, पोरे आत जातात, भट्टी पुन्हा पेटते.

‘मग परवाने कडक करून उपयोग काय?’ हा प्रश्न इथे येतो, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर काडतुसात आहे. पिस्तूल गावठी असते, काडतूस गावठी नसते. पितळी पुंगळी, तिच्यातला ज्वालक, मोजून भरलेली दारू, हे भट्टीवर होत नाही. जप्तीच्या पंचनाम्यात काडतुसाच्या बुडावर बहुधा कारखान्याचा ठसा असतो. ते तिथवर पोहोचते कसे? परवानाधारकाला वर्षाला ठरावीक काडतुसे मिळतात. ती वापरली की विकली याचा हिशेब पाहणारा कोणी नसतो, विक्रेत्याच्या वहीत सगळे जुळलेले असते. बेकायदा पिस्तूल जिवंत राहते ते कायदेशीर काडतुसावर. म्हणून परवान्याची शिस्त ही बेकायदा हत्याराविरुद्धचीच लढाई आहे. रिकाम्या पुंगळ्या परत केल्याशिवाय नवी काडतुसे नाहीत, हा एवढा नियम काटेकोर पाळला तर कित्येक कट्टे निव्वळ लोखंड होऊन पडतील.

आणि आता परवान्यांकडे. २०२४ च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाला. त्या खुनात बंदूक नव्हती. पण त्यानंतर जिल्हाभर जे उकरले गेले, त्यात एक गोष्ट अशी निघाली की या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने दिलेले होते. कमरेला पिस्तूल लावून रील काढणारे, हवेत गोळ्या झाडून वाढदिवस साजरे करणारे, गुन्हे दाखल असलेले. मग परवाने रद्द करण्याची मोहीम निघाली. मला प्रश्न पडला तो वेगळाच. यातला प्रत्येक परवाना कोणीतरी सही करून दिला होता. प्रत्येकामागे पोलिसांचा अहवाल होता. त्या अहवालांत काय लिहिले होते?

ज्यांनी अशा कचेऱ्यांत उठबस केली आहे त्यांना अंदाज आहे. जिवाला धोका असल्याचे कारण लागते. धोका दाखवायला एखादी तक्रार लागते. तक्रार नोंदवून घ्यायला ओळख लागते. कायदा संपत्ती पाहू नका म्हणतो, तरी अर्जाला आयकराची कागदपत्रे जोडलेली मी पाहिली आहेत. ठेकेदार, वाळूवाले, बिल्डर, पदाधिकारी. परवाना म्हणजे गाडीवरच्या दिव्यासारखी वट झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत एकाच आठवड्यात उल्हासनगरच्या पोलीस ठाण्याच्या आत गोळीबार झाला, त्यात तेव्हाच्या एका आमदारावर गुन्हा दाखल झाला. आणि दहिसरला एका माजी नगरसेवकाचा थेट प्रक्षेपण चालू असताना खून झाला, त्यातले पिस्तूल एका अंगरक्षकाच्या परवान्यावरचे असल्याचे तपासात पुढे आले. उमर्टी यात कुठेच नाही.

दुसऱ्या टोकाला कोकणातला बागायतदार. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पीक राखण्याच्या परवान्यावर आजोबांच्या नावची ठासणीची बंदूक असते. तिने तो फारसे काही मारत नाही, मारायची परवानगी वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. तो बार काढतो आणि वानर पळवतो. निवडणूक जाहीर झाली की ही बंदूक पोलीस ठाण्यात जमा. लोकसभेची निवडणूक येते एप्रिल-मे महिन्यांत, काजू आणि आंबा झाडावर असताना. सरसकट जमा करू नका, प्रत्येक परवाना समितीने तपासून ठरवा, अशा आयोगाच्या सूचना आहेत. व्यवहारात निरोप येतो आणि म्हातारा बंदूक खांद्याला लावून एसटीची वाट पाहतो. त्याच्याविषयी कोणाचाच आकस नाही. तो सोपा आहे म्हणून त्याची बंदूक आधी जाते.

शेजारच्या कर्नाटकात कोडगू आहे. तिथल्या कोडवा लोकांना आणि जम्मा जमीनधारकांना १८६१ पासून परवान्यातून सूट आहे. केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने वैध ठरवली. घरोघर बंदूक आहे, कैलपोळ सणाला तिची पूजा होते, आणि कोडगू काही टेक्सास झालेले नाही. बंदूक-समर्थकांचा हा आवडता दाखला आहे. तो मी मान्य करतो, आणि तरी तो बीडला लावता येणार नाही असे म्हणतो. कोडगूत बंदूक या समाजाच्या घरोघरी आहे, म्हणून ती कोणाची वट नाही.

मी सुरुवातीला म्हणालो, विरोधी बाजूचा खरा दम कशात आहे ते सांगतो. अमेरिकेत गुलामी संपल्यावर, १८६५ च्या सुमारास, मिसिसिपीसारख्या राज्यांनी मुक्त झालेल्या काळ्यांना बंदूक बाळगायला बंदी करणारे कायदे केले. गोऱ्यांच्या टोळ्या रात्री त्यांची घरे लुटत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. १९५६ मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि अधिकाऱ्यांनी तो नाकारला. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड वागवायला बंदी आली ती ब्लॅक पँथरच्या तरुणांनी बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवायला सुरुवात केल्यावर. सही गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. बंदूक नियंत्रणाचा इतिहास असा आहे, हे मान्य केल्याशिवाय त्याच्या बाजूने बोलू नये.

आपल्याकडे याची खूण एका अशा नियमात आहे जो फार थोड्यांनी वाचला असेल. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध नियम, १९९५. त्यातला तिसरा नियम, अत्याचारप्रवण भागात सरकारने काय करायचे ते सांगतो. तिसरे उपकलम म्हणते, आवश्यक वाटल्यास त्या भागातल्या इतर समाजांच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करा आणि हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्या. चौथे म्हणते, बेकायदा हत्यारे जप्त करा. पाचवे म्हणते, आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्रपरवाने द्या. भारत सरकारने स्वतः लिहून ठेवले आहे की परवाने कोणाकडे असतात, हत्यार कोणावर रोखले जाते, आणि आपले पोलीस वेळेवर पोहोचतीलच असे नाही.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना मारले. तिथेही बंदूक नव्हती. सायकलच्या साखळ्या, काठ्या, कुऱ्हाडी आणि जमाव. त्यानंतर आम्हाला परवाने द्या अशी मागणी दलित संघटनांतून झाली. माझ्यासारख्या कडक कायद्याच्या समर्थकाने त्या मागणीला काय उत्तर द्यावे? आंबेडकरांनी दुरुस्ती नाकारली, म्हणून तुम्हीही मागू नका? हे उत्तर निर्लज्जपणाचे होईल. आंबेडकरांनी शस्त्र नागरिकाकडून काढून राज्याकडे दिले ते राज्य सगळ्यांचे रक्षण करील या करारावर. राज्याने करार मोडला असेल, तर मोडणाऱ्याने दुसऱ्या पक्षाला करार पाळायला सांगू नये.

तरीही वस्तीत बंदुका वाटाव्यात असे मला वाटत नाही. पन्नास घरांच्या गावात पाच घरांकडे दोन बंदुका आल्या, तर उरलेल्या पंचेचाळीस घरांना वीस मिळायला वेळ लागत नाही. सत्ता ज्याच्याकडे आहे तो शस्त्रांच्या शर्यतीत नेहमी पुढे असतो. शिवाय श्रीलंकेचा पुरावा दलित वस्तीलाही लागू आहे. घरातली बंदूक आधी घरातल्याच माणसाकडे वळते.

म्हणून मागण्या अशा असाव्यात. प्रत्येक जिल्ह्यात किती परवाने आहेत, कोणत्या कारणासाठी दिले, किती नाकारले, हे दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. नावे नकोत, आकडे आणि कारणे पुरेत. परवान्यांची राष्ट्रीय नोंदणी आता संगणकावर आहे, प्रत्येकाला क्रमांक आहे, तेव्हा हे अवघड नाही. नूतनीकरणाच्या वेळी धोक्याचे कारण नव्याने सिद्ध करावे; दहा वर्षांपूर्वीच्या भांडणावर आजचे पिस्तूल नको. घरच्या बाईने मारहाणीची तक्रार केली असेल, तर परवाना आपोआप स्थगित व्हावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा, इतके बंदूकप्रेमी असून, २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी मान्य केले की घरगुती हिंसेबद्दल न्यायालयाचा मनाई आदेश असलेल्याकडून बंदूक काढून घेता येते. आणि कोकणातल्या म्हाताऱ्याची बंदूक एप्रिलमध्ये त्याच्याकडेच राहू द्या.

शेवटचा मुद्दा त्या तिसऱ्या नियमाचा. त्यातली उपकलमे ज्या क्रमाने लिहिली आहेत त्याच क्रमाने वापरावीत, अशी माझी सूचना आहे. जिल्हाधिकाऱ्याने आधी तिसरे वापरावे: ज्यांची दहशत आहे त्यांचे परवाने काढावेत, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. मग चौथे. पाचव्यावर यायची वेळ आलीच, तर परवाना देण्याच्या त्याच दिवशी त्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला आणि पालकमंत्र्याला लेखी कारण विचारले जावे, आणि त्यांचे उत्तर विधानसभेच्या पटलावर ठेवले जावे.